प्रयोग सहा महिन्यांचा, आयुष्य पन्नास वर्षांचं

मायक्रोबायॉलॉजीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "हिपॅटायटिस बीची लस चिंपांझींमुळे तयार झाली असं आम्हाला शिकवलं. मग अमेरिकेने २०१५ मध्ये त्यांच्यावरचं संशोधन बंद का केलं? लाखो माणसं वाचली असतील तर ते चूक कसं ठरतं? आणि उद्या एखादा नवा रोग आला तर?"

तिन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो. मी पशुवैद्य आहे. नोकरीची तीस वर्षं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या देखभालीत गेली. बहुतेक काळ आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांबरोबर, आणि नव्वदच्या दशकातली दोन वर्षं अमेरिकेतल्या एका केंद्रात, जिथे चिंपांझी होते. चिंपांझीला आपण सरसकट माकड म्हणतो, पण त्याला शेपूट नसतं. तो कपी आहे, म्हणजे गोरिला, ओरांगउटान आणि आपण स्वतः ज्या कुळातले त्या कुळातला. हा फरक शब्दांपुरता नाही, पुढे तो कामाला येणार आहे.

आधी उपयोगाबद्दल. उपयोग झाला, आणि मोठा झाला. प्राण्यांची बाजू घेणारे काही जण म्हणतात की चिंपांझींपासून माणसाला काहीच मिळालं नाही. ते खरं नाही, आणि खोट्या पायावर उभी केलेली चांगली बाजूसुद्धा टिकत नाही.

हिपॅटायटिस बीचा विषाणू हट्टी होता. बारुख ब्लुमबर्ग यांना १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात जे प्रथिन सापडलं, ते या विषाणूचं बाहेरचं कवच असल्याचं पुढे कळलं. पण विषाणू काचेच्या बशीतल्या पेशींवर वाढेना. उंदराला, सशाला, गिनीपिगला तो लागत नाही. चिंपांझीला लागतो. पहिली लस तयार झाली ती ज्यांच्या रक्तात हा विषाणू मुक्कामाला होता अशा माणसांच्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवातून. ते कवच गाळून शुद्ध करायचं, रसायनांनी विषाणू मारायचा आणि टोचायचं. त्यात एखादा जिवंत विषाणू उरला तर लसच रोग देणार. उरला की नाही हे कळायचं कसं? ती लस चिंपांझीला टोचायची, दर आठवड्याला रक्त काढायचं, यकृताची एन्झाइमं मोजायची, मधून मधून यकृताचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि असे कित्येक महिने वाट पाहायची. अमेरिकेत ही लस १९८१ मध्ये मंजूर झाली. १९८६ मध्ये यीस्टपासून बनवलेली लस आली. तिच्यात माणसाचं रक्त नसल्यामुळे त्या तपासणीची गरज उरली नाही. आज आपल्याकडे बाळ जन्मलं की पहिल्या दिवशी जी लस देतात, ती या दुसऱ्या वंशातली.

हिपॅटायटिस सीची गोष्ट तर अख्खी चिंपांझींच्या रक्तातून गेली आहे. ए नाही, बी नाही, अशी एक कावीळ रक्त चढवलेल्या रुग्णांना होत होती. ती संसर्गजन्य आहे हे १९७८ मध्ये रुग्णांचं रक्त चिंपांझींना टोचूनच सिद्ध झालं. त्या कामात हार्वे आल्टर होते. मायकल हॉटन यांच्या गटाने १९८९ मध्ये विषाणूचा जनुकीय तुकडा पकडला, तो संसर्ग झालेल्या चिंपांझीच्या प्लाझ्मातून. चार्ल्स राइस यांनी १९९७ मध्ये प्रयोगशाळेत घडवलेला विषाणूचा आरएनए चिंपांझींच्या यकृतात टोचला आणि आजार याच विषाणूमुळे होतो हे दाखवलं. तिघांना २०२० चं नोबेल मिळालं. आज रक्तपेढीतली बाटली सीसाठी तपासलेली असते, त्यामागे ही साखळी आहे. हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारं रक्त गोठवणारं घटकद्रव्य सॉल्व्हंट आणि डिटर्जंटने धुऊन सुरक्षित करायची रीतही न्यूयॉर्कच्या रक्तपेढीच्या शास्त्रज्ञांनी चिंपांझींवर तपासून घेतली होती.

अजून एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती अनेकांना ठाऊक नसते. हिपॅटायटिसच्या अभ्यासात चिंपांझी येण्याआधी कोण होतं? न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर विलोब्रुक नावाची मतिमंद मुलांची संस्था होती. तिथे १९५६ पासून सॉल क्रुगमन यांनी मुलांना मुद्दाम हिपॅटायटिसचा विषाणू दिला. कावीळ दोन प्रकारची असते, हे ज्ञान बऱ्याच अंशी त्या मुलांच्या शरीरातून आलं आहे. म्हणून "चिंपांझी नसते तर कोण?" हा प्रश्न कुणी विचारला की मी तो झटकून टाकत नाही. त्याचं एक उत्तर विलोब्रुकच्या वॉर्डात मिळतं.

मग चूक कुठे? तुमच्या प्रश्नातल्या "लाखो माणसं वाचली असतील तर" या शब्दांत एक हिशेब गृहीत धरलेला आहे: एका पारड्यात वाचलेली माणसं, दुसऱ्या पारड्यात प्रयोग. हिशेब मांडायला माझी हरकत नाही. पण दुसऱ्या पारड्यात जे ठेवायला हवं होतं ते कधी ठेवलंच गेलं नाही. तिथे प्रयोग ठेवला गेला, प्राणी ठेवला गेला नाही.

मी ज्या केंद्रात होतो तिथे एक मादी होती. मी रुजू झालो तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. चार वर्षांची असताना तिच्यावर हिपॅटायटिसचा एक प्रयोग झाला होता, सात महिन्यांचा. तिची फाइल मी पहिल्याच आठवड्यात वाचली. प्रयोगाची पानं अकरा. बाकी सगळा गठ्ठा वजनांचा, दातांचा, जुलाबांचा आणि केस उपटण्याचा. ती स्वतःच्या डाव्या हाताचे केस उपटायची. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी उघडी पडली होती. प्रयोग संपून पंधरा वर्षं झाली होती. तिच्या रक्तात विषाणूच्या खुणा असल्यामुळे तिला निरोगी गटात सोडता येत नव्हतं, आणि नव्या प्रयोगालाही ती चालत नव्हती. कायद्याने प्रौढ चिंपांझीला २५ चौरस फूट जमीन आणि ७ फूट उंची द्यावी लागे. तेवढी जागा तिला होती. आपल्याकडच्या चाळीतल्या मोरीपेक्षा फार मोठी नाही.

ती जाळीतून हात पुढे करायची. सुई टोचून घ्यायची आणि मग द्राक्षं मागायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला केअरटेकर मंडळींचं फार कौतुक वाटलं, आणि ते वाटायलाच हवं होतं. त्यांनी महिनोन् महिने खपून तिला ते शिकवलं होतं. पण ज्या दिवशी भुलीचा डार्ट मारायचा असे त्या दिवशीचं दृश्य वेगळं असे. बंदूक दिसायच्या आधीच पावलांवरून त्यांना कळायचं. कॉरिडॉरच्या टोकाचं दार उघडलं की ओरडा सुरू व्हायचा, एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात, शेवटपर्यंत. काही जण विष्ठा फेकायचे, काही कोपऱ्यात जाऊन पाठ वळवायचे. ही मादी मात्र घाईघाईने जाळीशी येऊन दोन्ही हात बाहेर काढायची. मी त्याचा अर्थ असा लावला की टोचायचं तर टोचा, पण ती बंदूक नको. मी चुकत असेन. पण त्या हातांना संमती म्हणायला मी कधीच धजावलो नाही. तिला सुई ठाऊक होती, द्राक्ष ठाऊक होतं. कशासाठी आणि किती वर्षं, हे ठाऊक नव्हतं.

पिंजऱ्यातला चिंपांझी चाळीस-पन्नास वर्षं जगतो, काही त्याहून जास्त. पैसे मंजूर होतात ते सहा महिन्यांच्या किंवा दोन वर्षांच्या कामासाठी. समितीपुढे येतो तो प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाचा आराखडा. त्याच्या शेवटच्या ओळीनंतर त्या प्राण्याचं काय, हा रकानाच कागदावर नव्हता. गरज सरो नि वैद्य मरो असं आपण म्हणतो. इथे गरज सरली आणि वैद्य मेला नाही, तो पुढची पंचेचाळीस वर्षं पिंजऱ्यात बसून राहिला. चिंपांझी-संशोधनाच्या इतिहासाचं कोणतंही पान उघडा, तुम्हाला हेच दिसेल.

सुरुवात तशी सौम्य होती. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर १९१३ पासून टेनेरीफ बेटावर चिंपांझींना खोकी एकावर एक रचून केळ्यापर्यंत पोचताना पाहत होते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्कीझ यांनी १९२३ मध्ये दोन पिल्लं विकत घेतली आणि १९३० मध्ये फ्लोरिडात ऑरेंज पार्क इथे केंद्र उभं केलं. त्या काळात प्रश्न बुद्धीचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते बदलले.

अमेरिकन हवाईदलाने १९५० च्या दशकात आफ्रिकेतून चिंपांझींची पिल्लं न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर आणली. पिल्लू पकडायचं म्हणजे काय हे एकदा स्पष्ट लिहितो. चिंपांझीचं पोर चार-पाच वर्षं आईच्या अंगावर पितं, तिच्या पोटाला-पाठीला चिकटून हिंडतं. ते आईकडून मागून मिळत नाही. आईला गोळी घालावी लागते, आणि वाचवायला येणाऱ्या इतरांनाही. प्रयोगशाळेच्या खातेवहीत एक पिल्लू जमा होत असताना जंगलातले कित्येक जीव खर्ची पडलेले असत, आणि त्यांची नोंद कुठेच नव्हती.

त्यांतल्याच एकाला, कॅमेरूनहून आलेल्या ६५ नंबरच्या पिल्लाला, ३१ जानेवारी १९६१ रोजी रॉकेटमधून वर पाठवलं. उड्डाण साधारण साडेसोळा मिनिटांचं. दिवा लागला की दांडा ओढायचा. चुकला तर तळपायाला विजेचा झटका, बरोबर आला तर केळ्याच्या स्वादाची गोळी. त्याने दांडे ओढले आणि अंतराळात हातपाय चालतात हे सिद्ध झालं. तीन महिन्यांनी अमेरिकेचे पहिले अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड गेले. सुखरूप परतल्यावर त्या पिल्लाला हॅम हे नाव जाहीरपणे मिळालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात एनोसने पृथ्वीला दोन फेऱ्या मारल्या. त्याच्या यंत्रात बिघाड झाला आणि बरोबर दांडा ओढूनही त्याला झटके बसत राहिले. तरी तो शिकवल्याप्रमाणेच दांडे ओढत राहिला. वर्षभरात तो आमांशाने मेला.

हॅमबद्दल सगळे साडेसोळा मिनिटांचं बोलतात. त्यानंतर तो बावीस वर्षं जगला. १९६३ ते १९८० वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात, एकटा. चिंपांझी टोळीत राहणारा प्राणी आहे, एकमेकांचे केस विंचरण्यात त्यांचा दिवसातला मोठा वेळ जातो. तो सतरा वर्षं एकटा होता. मग नॉर्थ कॅरोलायनात त्याला इतर चिंपांझींची सोबत मिळाली, ती जेमतेम अडीच वर्षं. जानेवारी १९८३ मध्ये तो गेला.

हवाईदलाचं काम संपलं, चिंपांझी संपले नाहीत. त्यांची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. ते भाड्याने वैद्यकीय प्रयोगशाळांकडे गेले आणि त्यांतले पुष्कळ पुढे न्यू मेक्सिकोतल्याच अलामोगोर्डोच्या कुल्स्टन फाउंडेशनच्या ताब्यात आले. प्राण्यांच्या हेळसांडीबद्दल त्या संस्थेवर सरकारने वारंवार ठपके ठेवले. २००२ मध्ये ती बंद पडली तेव्हा २६६ चिंपांझी तिथे होते. कॅरोल नून या बाईंनी ते सगळे स्वीकारले आणि फ्लोरिडातल्या बेटांवर हलवले. हलवायला कित्येक वर्षं लागली.

भाषेच्या प्रयोगांचंही तेच. निम नावाचं चिंपांझीचं पिल्लू १९७३ मध्ये जन्मलं आणि न्यूयॉर्कमध्ये माणसांच्या घरात वाढवलं गेलं; त्याला खुणांची भाषा शिकवली. चिंपांझी वाक्य रचतो का हा हर्बर्ट टेरेस यांचा प्रश्न होता. त्यांचं उत्तर नाही असं आलं, १९७९ मध्ये छापून आलं, आणि त्या प्रश्नापुरता निम संपला. पुढे त्याला हिपॅटायटिसच्या लसींचं काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेला विकलं. कपडे घालून जेवणाच्या टेबलावर बसणारा प्राणी एका सकाळी लोखंडी पिंजऱ्यात. लोकांनी आवाज उठवल्यामुळे तो सुटला, आणि २००० मध्ये मेला. त्याच प्रयोगशाळेत बूई नावाचा दुसरा खुणा शिकलेला चिंपांझी होता, हिपॅटायटिस सी झालेला. १९९५ मध्ये त्याचे जुने शिक्षक रॉजर फाउट्स दीड दशकाहून जास्त काळाने त्याला भेटले. त्याने त्यांना ओळखलं आणि खुणांनी बोलला. ते चित्रीकरण अमेरिकेत घराघरांत दिसलं. आमच्या केंद्रातल्या टीव्हीवरही दिसलं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना कुणीच फारसं बोललं नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र एचआयव्हीच्या वेळी झाली, आणि तिच्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. १९८४ मध्ये चिंपांझींना एचआयव्हीचा संसर्ग करता आला. साथ भयानक होती, माणसं पटापट मरत होती, आणि हिपॅटायटिसने एक धडा शिकवला होता की चिंपांझी हाताशी असले तर रस्ता सापडतो. १९८६ मध्ये सरकारी पैशाने चिंपांझींची पैदास सुरू झाली. शंभराहून जास्त चिंपांझींना विषाणू दिला. ते आजारी पडेनात. वर्षं गेली तरी पडेनात. यर्कीझ केंद्रातल्या एकाला दहा वर्षांनी एड्स झाला, बाकी जवळजवळ सगळे ठणठणीत. या विषाणूचा उगमच मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींच्या विषाणूत आहे, हे नंतर उलगडलं. ज्या आजारासाठी शेकडो पिल्लं जन्माला घातली, त्या आजाराला ती फारशी उपयोगी नव्हती.

१९९५ मध्ये पैदास थांबवली. तेव्हा अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत सुमारे १५०० चिंपांझी होते. आता त्यांचं करायचं काय? १९९७ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सांगितलं की खर्च वाचवण्यासाठी किंवा संख्या कमी करण्यासाठी त्यांना मारू नये. उंदरांबद्दल असं कुणी कधी लिहिलं नव्हतं. त्या शिफारशीत मला एक कबुली दिसते. उपकार घेतलेल्या जिवाला अडगळ म्हणून संपवता येत नाही, हे त्या टेबलाभोवतीच्या शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. २००० मध्ये त्यांच्या निवृत्तीसाठी कायदा झाला, २००५ मध्ये लुईझियानात सरकारी मदतीचं चिंप हेवन हे निवृत्तीचं ठिकाण उघडलं.

तरी संशोधन चालूच होतं, आणि यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. २०१० मध्ये अलामोगोर्डोतल्याच एका सरकारी केंद्रातले जवळजवळ दोनशे चिंपांझी, जे दहाएक वर्षं कोणत्याही प्रयोगात नव्हते, टेक्सासला नेऊन पुन्हा संशोधनात घालायचं ठरलं. जंगलातल्या चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल बोलल्या, न्यू मेक्सिकोचे राज्यपाल बोलले, सिनेटर बोलले. सरकारने मग वैद्यकीय प्रश्नांवर सल्ला देणाऱ्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनला विचारलं: चिंपांझींची खरोखर गरज आहे का? मला या घटनेत सगळ्यात जास्त काय खटकतं सांगू? हा प्रश्न अधिकृतपणे, समिती बसवून, लेखी स्वरूपात विचारायला २०१० उजाडावं लागलं. ऑरेंज पार्कच्या केंद्राला तेव्हा ऐंशी वर्षं झाली होती.

डिसेंबर २०११ मध्ये उत्तर आलं. समितीने कसोट्या साध्या ठेवल्या. दुसरा कोणताही प्राणी किंवा रीत उपलब्ध नसावी. तेच काम माणसांवर नैतिकदृष्ट्या करता येत नसावं. आणि ते न केल्याने गंभीर आजारावरचा उपाय अडत असावा. या कसोट्यांवर घासून पाहिलं तेव्हा चालू असलेलं बहुतेक काम अनावश्यक निघालं. वाईट विज्ञान म्हणून नव्हे. त्या कामाला तोवर दुसरे रस्ते तयार झाले होते. हिपॅटायटिस सीचंच पाहा. राल्फ बार्टनश्लागर यांच्या गटाने १९९९ मध्ये विषाणूचा स्वतःच्या प्रती काढणारा भाग पेशींमध्ये चालवून दाखवला. २००५ मध्ये जपानी रुग्णाच्या रक्तातल्या विषाणूपासून पूर्ण विषाणू पेशींवर वाढवता आला. आज तीन महिन्यांत हा आजार बरा करणाऱ्या गोळ्या प्रामुख्याने त्या पेशींच्या जोरावर घडल्या.

त्यानंतर दारं एकेक करून मिटली. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपले बहुतेक चिंपांझी निवृत्त करायचं ठरवलं, फक्त ५० राखीव ठेवले. २०१५ मध्ये वन्यजीव खात्याने बंदिवासातल्या चिंपांझींनाही संकटग्रस्त ठरवलं. तोपर्यंत जंगलातला चिंपांझी संकटग्रस्त आणि पिंजऱ्यातला नाही, असा विचित्र नियम होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात आरोग्य संस्थेचे तेव्हाचे संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी ते राखीव ५० सुद्धा मोकळे केले, कारण मधल्या काळात त्यांच्यासाठी कसोटीला उतरणारा एकही प्रस्ताव उभा राहिला नव्हता. ब्रिटन १९९७ मध्येच थांबला होता, नेदरलँड्स त्यानंतर काही वर्षांनी. जपानमध्ये शरीराला इजा करणारं काम २००६ मध्ये संपलं.

म्हणजे बंदीने संशोधन थांबलं असं नाही. संशोधन बरंचसं आधीच दुसरीकडे सरकलं होतं, आणि पिंजरे मागे राहिले होते.

आता नीतीबद्दल. या क्षेत्रात एक ओळ फार ऐकू येते: चिंपांझी आपल्यासारखा आहे म्हणून उपयोगी, आणि आपल्यासारखा आहे म्हणूनच त्याला वापरणं चूक. ओळ खरी आहे, पण मला पुरत नाही, कारण ती मला माझ्या रोजच्या कामात मदत करत नाही. मी माकडांवर काम केलं आहे. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने कोव्हॅक्सिनची चाचणी २० लाल तोंडाच्या माकडांवर केली, आणि ती माकडं मिळवायला त्या पथकाला टाळेबंदीत नागपूरपर्यंत भटकावं लागलं. ती चाचणी करायला हवी होती असं मी मानतो. मग माकडाला वेदना होत नाहीत का? होतात. भीती वाटते, पिल्लू हिरावलं की आई दिवसेंदिवस शोधते. याच माकडांची निर्यात भारताने १९७८ मध्ये बंद केली, कारण लसींसाठी म्हणून नेलेली माकडं किरणोत्साराच्या लष्करी प्रयोगांत वापरली गेल्याचं उघड झालं होतं. मोरारजी देसाईंच्या सरकारने परकी चलनावर पाणी सोडून ते केलं. मला त्याचा अभिमान आहे.

तरी मी रेघ चिंपांझीच्या अलीकडे ओढतो, आणि माझं कारण पशुवैद्याचं आहे. माझ्या दोन वर्षांत आणि नंतर जे काही पाहिलं-वाचलं त्यात मला एकही प्रयोगशाळा सापडली नाही, जी एका चिंपांझीला पन्नास वर्षं त्याच्या मनाला पुरेल असं जगवू शकेल. पैसा, जागा, माणसं, संयम, सगळं कमी पडतं. सरकारं बदलतात, संस्था दिवाळखोरीत जातात, शास्त्रज्ञ निवृत्त होतात. चिंपांझी तिथेच असतो. जे वचन पाळताच येणार नाही ते देऊन एखाद्या जिवाला घरात आणणं, हे मला मान्य नाही. माकडाच्या बाबतीत हे वचन अवघड आहे, पण पाळता येतं. आपल्या देशाच्या नियामक समितीने प्राणी-प्रयोगांच्या तीन जगप्रसिद्ध तत्त्वांना, म्हणजे पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास कमी करा यांना, चौथं जोडलं: पुनर्वसन. प्रयोगानंतर मोठ्या प्राण्याच्या देखभालीचा खर्च हा संशोधनाच्याच खर्चाचा भाग धरायचा. अंमलबजावणीत खूप पोकळ जागा आहेत, मी त्या जवळून पाहिल्या आहेत. पण तो रकाना आपल्या कागदावर आहे. मी ज्या ज्या समितीवर बसलो तिथे पहिल्यांदा तोच रकाना वाचायचो, आणि कोरा असला की प्रस्ताव परत पाठवायचो. तरुण संशोधक रागवायचे. त्यांतले काही आता स्वतः समित्यांवर बसतात आणि तेच करतात.

उद्याच्या रोगाचं काय? युरोपच्या २०१० च्या नियमात एक खिडकी ठेवली आहे: माणसाच्या जिवावर बेतणारं अनपेक्षित संकट आलं, किंवा त्या प्रजातीलाच वाचवायचं असलं, तर तात्पुरती परवानगी. माझ्या मते खिडकी ठेवणं योग्य आहे, कारण "कधीच नाही" म्हणणारा कायदा पहिल्या घबराटीत मोडतो. २०२० मध्ये तशी घबराट आली होती. एकाही चिंपांझीला हात न लावता वर्षाच्या आत लसी आल्या. तुमच्यापैकी बहुतेकांनी जी कोविशील्ड घेतली तिचं वाहन मुळात चिंपांझींमध्ये आढळणारा एक अ‍ॅडिनोव्हायरस आहे. निकामी करून, पेशींमध्ये वाढवून वापरलेला. तीही चिंपांझीचीच देणगी, आणि तिच्यासाठी पिंजरा लागला नाही.

दुसरं उदाहरण याहून अवघड आहे आणि त्यावर मी अजून विचार करतो. इबोलाने मध्य आफ्रिकेतले गोरिला आणि चिंपांझी मोठ्या संख्येने मेले आहेत. त्यांच्यासाठी लस हवी. अशा दोन लसींच्या चाचण्या अमेरिकेत बंदिवासातल्या चिंपांझींवर झाल्या, २०१४ आणि २०१७ मध्ये छापून आल्या. त्यानंतर दार बंद झालं, आणि ते काम अर्धवट राहिलं. कपींचे अभ्यासक पीटर वॉल्श यांनी कळकळीने मांडलं होतं की ही बंदी जंगलातल्या चिंपांझींच्या मुळावर येईल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अभयारण्यात, टोळीत राहणाऱ्या चिंपांझींना खायच्या गोळीतून अशी लस द्यायला माझी ना नसेल. निवडीत चूक होण्याचा धोका आहे, पण इथे निदान सोसणारा आणि वाचणारा एकाच जातीचा आहे.

न्यूयॉर्कच्या ज्या रक्तपेढीचा वर उल्लेख आला, तिने १९७४ पासून लायबेरियात एक प्रयोगशाळा चालवली. हिपॅटायटिसच्या लसीचं आणि सुरक्षित रक्ताचं पुष्कळ काम तिथे झालं. काम संपल्यावर चिंपांझींना नदीमुखातल्या सहा बेटांवर सोडलं. चित्र सुंदर दिसतं: झाडं, पाणी, मोकळीक. पण त्या बेटांवर त्यांना पुरेल एवढं खाणं नाही, प्यायला गोडं पाणी नाही. मार्च २०१५ मध्ये रक्तपेढीने खर्च बंद केला. तेव्हा तिथे साठहून जास्त चिंपांझी होते आणि देशात इबोलाची साथ होती. स्थानिक कामगारांनी मिळेल ते गोळा करून त्यांना खायला घातलं, पगाराची शाश्वती नसताना. प्राणी कल्याण संस्थांनी भार उचलला, आणि २०१७ मध्ये रक्तपेढीने ६० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं.

त्यांतले तरुण अजून कित्येक वर्षं जगतील. होडीचा आवाज आला की ते झाडीतून काठावर येतात, काही कमरेइतक्या पाण्यात उतरतात आणि हात पुढे करतात. होडीत फळं असतात. रोज जावं लागतं.